फ्यूजच्या जागी वायर

मागच्या पावसाळ्यात सात रस्त्याच्या सिग्नलला माझ्या गाडीच्या हँडलखालून धूर निघाला. गाडी म्हणजे अब्बांची १९९९ सालची स्प्लेंडर. मी घाईघाईने किल्ली बंद केली. धूर थांबला नाही, वाढला. मागे थांबलेला एक रिक्षावाला पक्कड घेऊन धावत आला. साइड कव्हर ओढून काढलं आणि बॅटरीजवळची एक तापलेली वायर त्याने तोडली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "फ्यूज कुठंय बे ह्याला?"

फ्यूज नव्हता. तो मीच काढायला लावला होता.

झालं होतं असं, की त्याआधी महिनाभर किल्ली फिरवली की न्यूट्रलचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. किल्ली जरा वर-खाली हलवली की लागायचा. हॉर्नचा आवाज बसलेल्या घशासारखा झालेला. मग फ्यूज जायला लागला. एकदा बदलला, आठ दिवसांत गेला. परत बदलला, परत गेला. मला कॉलेजवर वेळेत पोहोचायचं होतं. रस्त्याकडेच्या एका गॅरेजवर थांबलो आणि तिथल्या पोराला म्हणालो, "डायरेक्ट करून टाक." त्याने तांब्याच्या वायरचे चार-पाच केस पिळले आणि फ्यूजच्या जागी बसवले. पैसेही नाही घेतले. मी खूश होऊन निघालो.

चूक त्या पोराची कमी, माझी जास्त. मी शिकवतो, वर्गात विजेच्या परिपथाचा धडा घेतो, आणि तरीही मला वाटत होतं की फ्यूज म्हणजे उगाच अडवणूक करणारी वस्तू.

धुराच्या दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत विजापूर वेशीजवळच्या एका बोळात नेली. तिथे एक चाचा गाड्यांचं फक्त वायरिंगचं काम करतात. अब्बांचे जुने ओळखीचे. त्यांनी आधी मला बसवलं, चहा मागवला आणि जळालेली वायर हातात ठेवून विचारलं, "प्रोफेसर साब, फ्यूज क्यूं जाता?" मी म्हणालो, जुना झाला की जातो. ते हसले. "फ्यूज जाता नई, बोलता. तुमने उसका मुं बंद कर दिया."

मग त्यांनी दाखवलं ते मी इथे मुद्दाम तपशिलात लिहितो. कारण सोलापुरात अशा हजारो गाड्या रोज रस्त्यावर आहेत आणि त्यातल्या किती गाड्यांत फ्यूजच्या जागी वायर किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी आहे, हे कुणी उघडून बघत नाही.

बॅटरीतून लाल वायर निघते, फ्यूजमधून जाते आणि टाकीखालून हँडलजवळच्या किल्लीच्या स्विचकडे येते. स्विच चालू केला की तिथून काळ्या वायरने वीज हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा यांना मिळते. आता हँडल दिवसातून किती वेळा वळतं, हिशेब करा. प्रत्येक वळणाला त्या वायरी चेसिसच्या मानेपाशी वाकतात. पंचवीस वर्षांत त्यांचं प्लॅस्टिक कडक होऊन चिरतं. माझ्या गाडीत लाल वायर तिथेच उघडी पडून लोखंडाला घासत होती. म्हणून फ्यूज जात होता. आणि ती जागा स्विचच्या अलीकडे असल्याने किल्ली बंद करून उपयोग नव्हता. योग्य फ्यूज असता तर तो क्षणात वितळला असता, मी हॉर्नशिवाय घरी गेलो असतो, एवढंच. पिळलेली वायर वितळली नाही. तिच्याऐवजी सगळं वायरिंग तापलं, आणि वर पेट्रोलची टाकी.

फ्यूज हॉर्न किंवा दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून कंपनीने जो आकडा लिहिला आहे तोच घालायचा. सात ॲम्पिअरचा वारंवार जातो म्हणून वीसचा घालणं आणि वायर पिळून घालणं, यात फार फरक नाही. हल्लीच्या पातीच्या फ्यूजला रंग असतात. साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही रंग कळतो.

स्विचचंही तसंच. किल्ली हलवली की दिवा लागतो म्हणजे आतले तांब्याचे टेकू झिजलेत, असं आपण धरून चालतो. चाचांनी तसं धरलं नाही. मल्टिमीटर लावून आधी बॅटरी पाहिली, मग स्विचच्या आत येणारी वीज, मग बाहेर पडणारी. आत बारा व्होल्ट आणि बाहेर साडेदहा. म्हणजे स्विचही गेला होता. पण ते म्हणाले, दहातल्या कित्येक गाड्यांत स्विच चांगला असतो आणि मानेतली वायर आतून तुटलेली असते. न तपासता नवा स्विच बसवला की गिऱ्हाईक आठ दिवसांनी शिव्या देत परत येतं. त्यांनी पूर्ण लॉकसेट बदलला, म्हणजे स्विच, टाकीचं झाकण आणि साइड कव्हर एकाच किल्लीवर. मानेतल्या वायरी नव्या ओढल्या, प्रत्येक जोड झाळून त्यावर स्लीव्ह चढवली आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल एवढा ढील ठेवला. काचेच्या नळीचा जुना फ्यूज होल्डर आतून गंजला होता, तो काढून बॅटरीच्या अगदी जवळ पातीच्या दोन फ्यूजचा छोटा बॉक्स लावला. एक मूळचा, दुसरा मी हौसेने लावलेल्या एलईडी दिव्यासाठी, रिलेसह. एक जादा फ्यूज झाकणात ठेवला.

या कामाला सव्वा दिवस लागला. मजुरी त्यांनी सांगितली तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघालं, "चाचा, थोडं कमी करा." ते काही बोलले नाहीत, कमी केले. घरी आल्यावर मला त्याची लाज वाटली. फुकटात गाडी पेटवायला देणाऱ्याला मी शाबासकी दिली होती, आणि नीट काम करणाऱ्याशी घासाघीस केली.

माझं म्हणणं इथून सुरू होतं.

जुन्या गाडीवर खर्च कशाला, विकून टाका, असं सांगणारे खूप भेटतात. सोलापूर हे यंत्रमागाचं, विड्यांचं, रोजंदारीचं शहर आहे. इथे जुनी मोटारसायकल म्हणजे कारखान्याची पाळी, शाळेची फी, दवाखाना आणि चादरींचा गठ्ठा, सगळं एकाच सीटवर. नव्या गाडीचा हप्ता ज्याला झेपत नाही, त्याला जुनी गाडी सुरक्षित ठेवण्याचा हक्क आहे. पंधरा वर्षांनंतर सरकार पुनर्नोंदणी करून घेतं, पर्यावरण कर घेतं. म्हणजे ती गाडी रस्त्यावर चालणार हे सरकारलाही मान्य आहे. मग तिचं वायरिंग नीट हवं, यात चैन कसली?

आणि धोका आपल्या एकट्याचा नसतो. त्या काळातल्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत इंजिनाची ठिणगी आणि पुढचा दिवा बॅटरीवर चालत नाहीत. त्यामुळे फ्यूज गेला तरी गाडी किकवर सुरू होते, पळते. बंद पडतो तो हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा. चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही, म्हणून लोक महिनोन् महिने तसेच फिरतात. हिवाळ्यात जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागे अचानक ब्रेक मारावा लागतो. तेव्हा मागून येणाऱ्याला तुमचा लाल दिवा दिसला नाही तर काय होईल, हे सांगायला नको.

आता आपल्या लोकांशी थोडं बोलतो. समाजमाध्यमांवर मुसलमानांना 'पंक्चरवाले' म्हणून हिणवायची एक सवय पडली आहे. त्यावर आपल्यातले काही चिडतात, काही उलट अभिमानाने गॅरेजचे फोटो टाकतात. मला दोन्ही अपुरं वाटतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत आणि वाहनदुरुस्ती हे त्यातलं एक ठळक क्षेत्र आहे, हे नोंदवलं होतं. ती निवड होती असं म्हणता येणार नाही. पुष्कळांसाठी शाळा सुटल्यावर उघडं असलेलं ते एकच दार होतं. पण दार कसंही उघडलेलं असो, आत उभं राहून केलेलं काम हलकं नाही. हलकं काम म्हणजे चार केस पिळून 'डायरेक्ट' करणं. मल्टिमीटर लावून दोष शोधणं हे निदान आहे, डॉक्टर करतो तसं.

म्हणून टोमण्याला उत्तर द्यायचं असेल तर कामाने द्यावं. चौदा वर्षांखालचं पोरगं गॅरेजवर दिसलं तर त्याला शाळेत पाठवावं. २०१६ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने त्याला कामावर ठेवणं गुन्हा ठरवलं आहे. मोठ्या पोरांना आयटीआयचा रस्ता दाखवावा. जे आधीच हातांनी शिकलेत त्यांच्यासाठी केंद्राच्या कौशल्य योजनेत पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. वस्तीतल्या, जमातींच्या संस्थांनी लग्नाच्या हॉलसोबत हे फॉर्म भरून देण्याचंही काम करावं. चाचांकडे चाळीस वर्षांचं ज्ञान आहे आणि एकही कागद नाही. त्यांच्यानंतर ते ज्ञान त्या बोळातच संपेल.

सरकारकडेही मागणं आहे. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांचाही समावेश आहे. पण विजापूर वेशीतल्या कारागिराला जुन्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा त्याच्या भाषेत मिळत नाही, खात्रीचा स्विच कोणता आणि नकली कोणता हे ओळखायचा मार्ग मिळत नाही, तोवर तो हक्क कागदावरच राहील.

आणि आपण गिऱ्हाइकांनी? 'डायरेक्ट कर' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. दुसऱ्यांदा फ्यूज गेला तर तिसरा घालण्याआधी कारण शोधायला सांगायचं, आणि त्या शोधण्याचे पैसे कुरकुर न करता द्यायचे. फक्त पार्टचे पैसे देऊन अकलेचे न देण्याची आपली सवय आहे. जुगाड वाढतो तो तिथूनच.

मी चाचांना विचारलं होतं, तुम्हीही कधी फ्यूजच्या जागी वायर लावलीय का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, तरुणपणी लावली. मग एका गिऱ्हाइकाची गाडी जळाली, माणूस वाचला. "उसके बाद वो पैसा हजम नई हुआ."

परवा त्यांच्याकडे गेलो. त्या दिवशी कमी केलेले पैसे दिले. घ्यायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "रहने देव, इसके फ्यूज लेके आता. जिसकी गाड़ी में वायर दिखी, उसको फोकट में लगाता." तेव्हापासून त्यांच्या टेबलावर लाल आणि तपकिरी फ्यूजची एक बरणी आहे. तुमच्या गाडीचं साइड कव्हर आज एकदा उघडून बघा.