शंभर टक्के? कितींपैकी?

सदाशिव पेठेत पाव किलो श्रीखंड घेताना काट्यावरून नजर न हटवणारा माणूस ‘१०० टक्के अचूक चाचणी’ हे शब्द मात्र न मोजता गिळतो. मार्च २०२० मध्ये पुण्याच्याच मायलॅब कंपनीने करोना चाचणीचं किट काढलं. इथल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने ते तपासलं. संवेदनशीलता, म्हणजे बाधितांना बाधित म्हणून ओळखणं, १०० टक्के; विशिष्टता, म्हणजे बाधा नसलेल्यांना तसंच ओळखणं, तीही १००! राबलेल्या शास्त्रज्ञांचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण मथळेवाल्यांना शंभराचा आकडा पुरला. नमुने किती, कोणाचे, हा तपशील मथळ्यात मावत नाही ना! समजा, २० बाधित नमुने घेतले आणि २०ही बरोबर ओळखले. निकाल १०० टक्के. पण एवढ्या तुटपुंज्या संख्येवर खरी संवेदनशीलता ८३ टक्केही असू शकते, असं सांख्यिकी सांगते. म्हणजे शंभरातले सतरा रोगी ‘निगेटिव्ह’चा कागद घेऊन गावभर फिरणार.

विद्वानांची गंमत तर याहून मोठी. एका बाजूला अंथरुणाला खिळलेले रोगी घ्यायचे, दुसऱ्या बाजूला ठणठणीत रक्तदाते, आणि चाचणीने दोघांतला फरक ओळखला म्हणून शोधनिबंध छापायचा. अहो, हा फरक जिना चढताना दिसतो! त्याला चाचणी कशाला? दवाखान्यात येतो तो तिसराच: महिनाभर खोकणारा, क्षय आहे की नाही ते ठाऊक नसलेला. त्याच्यावर चाचणी चालते का, ते सांगा.

क्षयाच्या रक्तचाचण्या अशाच कच्च्या पुराव्यावर विकल्या गेल्या. भारतात वर्षाला अंदाजे १५ लाख! २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘वापरू नका’ म्हणून बजावलं, २०१२ मध्ये आपल्या सरकारने बंदी घातली. तोवर गरिबाच्या खिशातून पैसे गेले ते गेलेच.

रुग्ण कसे निवडले, अनिर्णित निकालांचं काय केलं, तपासणाऱ्याला खरं उत्तर आधीच ठाऊक होतं का, हे सगळं चाचणीवरच्या निबंधात लिहा, असं सांगणारी ‘स्टार्ड’ नियमावली २००३ पासून आहे. २०१५ मध्ये ती सुधारून ३० कलमांची झाली. फुकट मिळते. तरी महामहोपाध्याय अर्धी कलमं गाळतात आणि संपादक छापतात.

प्रामाणिकपणा जमतो हो! जून २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, करोनाच्या अँटिजेन चाचणीची संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के अशी उघड सांगितली. म्हणूनच ‘लक्षणं असूनही निगेटिव्ह आलात तर आरटीपीसीआर करा’ हा नियम करता आला.

संपादकहो, रुग्णांचा हिशेब नसलेला निबंध परत पाठवा. आणि वाचकहो, पुढचं ‘१०० टक्के’ दिसलं की पेठी आवाजात विचारा, कितींपैकी?