केबलची वायर सुटली, शेतीचा सल्ला कुठं गेला?

गावातल्या विजेच्या खांबांकडे एकदा मान वर करून पाहा. केबलच्या काळ्या वायरी अजून लोंबतात, पण त्यातल्या कित्येकींचं दुसरं टोक आता कुठल्याच घरात जात नाही. फुलंब्री, गंगापूर, पैठण, कुठल्याही रस्त्याला लागा, हेच चित्र. एका केबलवाल्याला सहज विचारलं, तर म्हणाला, "म्हातारी माणसं आहेत तोवर वसुली आहे साहेब. पोरं हप्ता देत नाहीत, मोबाईल दाखवतात."

हा नुसता केबलवाल्याच्या पोटाचा प्रश्न असता तर या पानावर तो आला नसता. पण याच वायरीतून शेतीचा सल्लाही घरात येत होता, म्हणून हा लेखनप्रपंच.

देशभर हेच चाललं आहे. पैसे भरून डीटीएच घेणारे 2020 अखेर सुमारे 7 कोटी होते. मार्च 2025 अखेर ते 5 कोटी 70 लाखांच्या आत आले, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाची आकडेवारी सांगते. सगळेच मोबाईलकडे गेले असं नाही, काहींनी दूरदर्शनची बिनाहप्त्याची फ्री डिश लावली. पण तरुणांचा ओढा मोबाईलकडेच. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावानं मिळू लागला. फेब्रुवारी 2019 पासून केबलला वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आली. तेव्हा पहिल्या 100 वाहिन्यांना 130 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे निराळे. हा हिशेब कुणाला नीट कळला नाही, बिल वाढलं एवढं मात्र सगळ्यांना कळलं. 2023 ची आयपीएल मोबाईलवर फुकट दाखवली गेली, तेव्हा घरात केबल ठेवायचं तरुणांचं शेवटचं कारणही संपलं. (पुढं 2025 मध्ये त्या फुकटाला मर्यादा आलीच. फुकट काय कायमचं असतं?)

शहरातली मंडळी आणखी एक कारण विसरतात. शेतपंपाला वीज मिळते पाळीपाळीनं, बऱ्याचदा रात्री. मोटार चालू करून पोरगं विहिरीच्या काठावर जागतं. तिथं टीव्ही कुठून येणार? गावात लाईट गेली तर टीव्ही मुका होतो, मोबाईल चालू राहतो. आणि जी पोरं वाळूजच्या एमआयडीसीत कामाला आहेत, बजाजनगरात चौघं मिळून खोली करून राहतात, त्यांनी टीव्ही घ्यायचाच कशाला? तेव्हा पोरांना दोष देण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्यावर येतो. केबलवाल्यानं दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवल्याच पाहिजेत, असं बंधन 1995 च्या केबल कायद्यानं घातलं आहे. त्यामुळं मालिका आणि क्रिकेटच्या मधे का होईना, सह्याद्री वाहिनी घरात येत होती. 'आमची माती आमची माणसं' घराघरांत पाहिलं जाई, ते असंच. बाप पाहायचा, पोरगं क्रिकेटची वाट बघत शेजारी बसायचं, आणि कळत-नकळत किडीचं नाव त्याच्या कानावर पडायचं. सकाळी पारावर त्याचीच चर्चा. मोबाईलला असं बंधन नाही. तुम्ही काल जे पाहिलं, त्यासारखंच तो आज पुढं करतो. 26 मे 2015 रोजी सुरू झालेली डीडी किसान वाहिनी आहे, पण तिचा कारभार मुख्यतः हिंदीत. प्रसार भारतीनं नोव्हेंबर 2024 मध्ये 'वेव्हज्' हे मोबाईलवरचं व्यासपीठ काढलं, तिथं दूरदर्शन दिसतं. पण ते शोधून उघडावं लागतं, आणि शोधतो कोण?

मोबाईलचा फायदा मी नाकारत नाही. अद्रकाची बेणेप्रक्रिया, डाळिंबाची छाटणी टीव्हीवर एकदा निसटली की गेली. मोबाईलवर ती बांधावर उभं राहून, थांबवून थांबवून चारदा पाहता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे व्हिडिओही मराठीत मिळतात.

धोका निराळाच आहे. व्हिडिओत बोलणारा माणूस सल्ला देतो की माल विकतो, हे कळत नाही. एका कापूसवाल्यानं मला हौसेनं व्हिडिओ दाखवला. औषधाचं प्रमाण "पंपाला एवढं" असं सांगितलेलं. पंप पंधरा लिटरचा की वीसचा, हातपंप की पॉवर स्प्रे, याचा पत्ता नाही. व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा, वर "आजचा ताजा सल्ला" असा मथळा. गड्यानं फवारणी उरकली होती. बोंड फोडून पाहिलं तर गुलाबी बोंडअळी आत आरामात. 2017 साली या अळीनं मराठवाड्याचं काय केलं, ते आपण विसरलेलो नाही.

बोंडअळीचा साधा नियम असा: एकरी दोन कामगंध सापळे लावा, आणि सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग आले, की फवारणीचं पाहा. यात विकण्यासारखं फार नाही, म्हणून असे व्हिडिओ कमी दिसतात. 'टॉनिक' म्हणून विकली जाणारी बरीच जैव उत्तेजकं 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. व्हिडिओ कितीही झकास असो, बाटलीवरची नोंदणी पाहा आणि पक्कं बिल घ्या. शंका आली तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक फुकट आहे. मराठीत बोलता येतं.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. पारावरची चर्चा बंद पडली, ती जागा पंचायतीनं भरून काढावी. गावच्या व्हॉट्सॲप गटावर शुभेच्छांची चित्रं पुष्कळ येतात, त्यात आठवड्यातून एकदा विद्यापीठाचा किंवा कृषी विभागाचा सल्ला तारखेसह टाकावा. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी तोच कागद फळ्यावर लावावा, भोंग्यावरून वाचावा. हे काम पंचायतीच्या शिपायावर टाकू नका. रात्री विहिरीवर बसून व्हिडिओ पाहणारी जी दोन-चार चुणचुणीत पोरं आहेत, त्यांनाच सांगा. सापळे मोजायलाही तीच जातील.