दीपगृहाच्या पायथ्याशी



रत्नागिरीचा रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. त्याच्या सिद्ध बुरुजावर दीपगृह उभे आहे. मागील पौषात आम्ही आत्याबाईंना तेथे घेऊन गेलो. त्यांचे वय ७८. दीड वर्षापूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले. पण पुन्हा पडण्याची भीती मात्र गेली नाही. अशा भीतीने माणूस चालणे कमी करतो, न चालल्याने स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. हे चक्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी परिचयाचे असेल.

दीपगृहाचा गोल जिना पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही वर जाऊन या. मी इथेच बसते.” सावलीत खुर्ची मांडून, एका भाच्याला सोबत ठेवून आणि मोबाइल त्यांच्या हाती देऊन आम्ही वर गेलो. डॉल्फिन दिसतील म्हणून बराच वेळ समुद्रावर नजर लावली. दिसल्या त्या मिरकरवाडा बंदराकडे परतणाऱ्या होड्या आणि त्यांवर घिरट्या घालणाऱ्या घारी.

खाली उतरलो तो आत्याबाईंनी ओठांवर बोट ठेवले. जांभ्या दगडाच्या गडग्यातून एक मुंगूस बाहेर आले होते. मागच्या पायांवर उभे राहून ते त्यांच्याकडे पाहत होते. लहानपणी ज्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगत असू, ते आज न मागता समोर उभे होते! त्यांचा हात थरथरत होता. “द्या, मी नीट काढते,” म्हणत मी मोबाइलसाठी हात पुढे केला. त्या हळू आवाजात, पण ठामपणे म्हणाल्या, “थांब. हे मला दिसलंय.”

मी हात मागे घेतला. शुश्रूषा करता करता आपण ज्येष्ठांच्या हातून किती गोष्टी काढून घेतो, हे त्या क्षणी मला उमगले.

छायाचित्रण हा केवळ वेळ घालवण्याचा छंद नव्हे. अमेरिकेतील डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ व्यक्तींचा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील काही जण तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, डिजिटल छायाचित्रण, गोधडी शिवणे किंवा या दोन्ही गोष्टी नव्याने शिकले. केवळ गप्पागोष्टींत किंवा सोप्या कोड्यांत वेळ घालवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली. हा स्मृतिभ्रंशावरील उपाय नव्हे. परंतु नवे काही शिकण्याचे वय सरत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. चालताना मोबाइलच्या पडद्याकडे पाहू नये. आधी थांबावे, टेकावे, मग छायाचित्र घ्यावे. मोबाइल दोरीने गळ्यात अडकवल्यास आधाराला दोन्ही हात मोकळे राहतात. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायऱ्या उतरताना खालची पायरी अंधुक दिसते; म्हणून मान थोडी झुकवून वरच्या भिंगातून पाहावे व कठडा सोडू नये. बराच वेळ बसल्यावर एकदम उठू नये, कारण रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. शस्त्रक्रिया झालेल्यांनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्राण्यांच्या जवळ जाऊ नये, त्यांना खाऊ घालू नये, फ्लॅश वापरू नये. आपण स्थिर बसलो तर तेच पुष्कळदा जवळून जातात. ज्यांचे चालणे मंदावले आहे, त्यांना हा लाभ तरुणांपेक्षा अधिक मिळतो.

शुश्रूषा करणाऱ्यांना एकच विनंती. कोपराला आधार द्यावा, पण मोबाइल त्यांच्याच हातात राहू द्यावा. छायाचित्र तिरपे येईल, पुसट येईल. ते पुसून टाकू नये. संध्याकाळी शेजारी बसून “हे कुठे दिसले?” असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे.

ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, त्यांना खिडकीही पुरे. रोज एका ठरावीक वेळी तेथे बसावे. खार, बुलबुल, सरडा, कोणी ना कोणी येतेच.

प्रत्येक दीपगृहाच्या प्रकाशाची उघडझाप वेगळी असते. तिच्यावरून खलाशी ठिकाण ओळखतो. माणसाच्या पाहण्याचीही स्वतःची एक लय असते. वयानुसार ती संथ होते, पण विझत नाही.

आत्याबाईंनी ते छायाचित्र मोठे करून देवघराशेजारी लावले आहे. त्यात मुंगसाची शेपटी अर्धीच आली आहे. हल्ली रोज सकाळी त्या काठी टेकत मागीलदारापर्यंत जातात आणि तेथे खुर्ची टाकून बसतात. परवा त्यांचा दूरध्वनी आला: “आज भारद्वाज दिसला.”