फौजेचा शिधा आणि पेढीचे भांडवल

नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नंदुरबारच्या बाजार समितीत हंगामात ओल्या लाल मिरचीचे ढीग लागतात आणि शहराभोवतीच्या पथारींवर ती वाळत पडते. मार्च २०२३ मध्ये भारतीय लष्कराने सुमारे अर्धशतकानंतर सैनिकांच्या शिध्यात भरडधान्याच्या पिठाला पुन्हा स्थान दिले, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी पिकणाऱ्या ज्वारीलाही एक नवी वाट दिसू लागली. डाळ, मिरची आणि ज्वारी हे तिन्ही जिन्नस सैनिकाच्या ताटात जाणारे आहेत. त्यामुळे या जिल्ह्यातील एखाद्या पेढीवरील तरुण मुलाने फौजेला माल पुरविण्याचा विचार करावा, हे स्वाभाविकच आहे. घरातील वडीलधारेही बहुधा संमती देतात. कारण सरकारकडे पैसा बुडत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो समज खोटा नाही, परंतु अपुरा आहे. पैसा केव्हा हाती येतो आणि तोवर कोणाचे भांडवल अडकून राहते, हा प्रश्न त्यात सुटून जातो.

फौजेला खाजगी व्यापाऱ्याने धान्य पुरविणे ही खानदेशाला नवी गोष्ट नाही. सुरत ते बऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी मार्गावर नंदुरबार वसलेले आहे. बैलांच्या पाठीवर गोणी लादून चालणारे बंजाऱ्यांचे तांडे दख्खनमध्ये मोगल, मराठे आणि इंग्रज अशा सर्वांच्या छावण्यांना धान्य पोचवीत. १८०३ साली असईच्या लढाईपर्यंत पोहोचलेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेची भिस्तही मोठ्या प्रमाणावर याच तांड्यांवर होती. तांड्याचा नायक आपले धान्य छावणीच्या बाजारात विकत असे. आजच्या पुरवठादाराचा क्रम उलटा आहे. भाव आधी बांधला जातो, माल नंतर जातो, तपासणी त्यानंतर होते आणि पैसा सर्वांत शेवटी येतो.

एकच ग्राहक असलेल्या धंद्याचे स्वरूप कसे असते, याचे मोठे उदाहरण सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या चरित्रात सापडते. त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. विमाने घेणारे गिऱ्हाईक म्हणजे सरकारच होते. पुढील वर्षी भारत सरकार तिच्यात भागीदार झाले आणि १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारभार आपल्या हाती घेतला. वालचंदांची उमेद आणि पत मोठी होती. त्यांच्या हाती इतरही अनेक उद्योग होते. ज्याच्या हाती एकच पेढी आहे, त्याने हे उदाहरण अधिक लक्षपूर्वक वाचावे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे पाहू. डाळ, साखर, खाद्यतेल असा कोरडा शिधा मुख्यतः मध्यवर्ती खरेदीतून घेतला जातो. भाजीपाला, फळे, दूध यांचे ठेके छावणीच्या ठिकाणी दिले जातात. निविदेबरोबर अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के बयाणा रक्कम ठेवावी लागते. काम मिळाल्यावर कामगिरीची अनामत द्यावी लागते आणि ती बहुधा बँक हमीच्या रूपाने दिली जाते. कराराच्या सर्व जबाबदाऱ्या संपल्यानंतरही साठ दिवस तिची मुदत चालू राहावी लागते. ही हमी बिनशर्त असते. खरेदीदाराने मागणी केली की बँकेला वाद घालण्यास जागा नसते. ती रक्कम देते आणि खातेदाराच्या नावे टाकते. त्या हमीमागे पुष्कळदा राहत्या घराचे तारण असते, याचा घरातील सर्वांना पत्ता असतोच असे नाही.

एक उदाहरणादाखल हिशेब मांडू. एका डाळमिलने १०० टन तूरडाळ १०० रुपये किलोने पुरविण्याचा करार केला असे समजा. करारमूल्य एक कोटी रुपये झाले. सर्व खर्च धरून पडता ९६ रुपये आहे, म्हणजे कागदावरचा नफा चार लाख. पैसा नव्वद दिवसांनी आला आणि कॅश क्रेडिटचा व्याजदर ११ टक्के असला, तर व्याजापोटी सुमारे दोन लाख साठ हजार रुपये जातात. पावसाळ्यात वाटेत ओल लागून दहा टन डाळ नाकारली गेली. ती बाजारात किलोमागे पाच रुपये तोट्याने विकली, तर पन्नास हजार गेले. परतीचे आणि बदली मालाचे भाडे साठ हजार धरू. बदली माल दोन आठवडे उशिरा पोहोचला. आठवड्याला अर्धा टक्का या दराने दहा लाखांवर दहा हजारांचा दंड झाला. पाच लाखांच्या हमीवर दोन टक्के कमिशन म्हणजे आणखी दहा हजार. चार लाखांतून शेवटी उरले दहा हजार रुपये, तेही एक कोटीचा माल पुरविल्यानंतर. या हिशेबात कोणी कोणाला फसविलेले नाही. चूक एवढीच की निविदेत भाव भरताना वाट पाहण्याची आणि नाकारल्या जाणाऱ्या मालाची किंमत धरलीच नव्हती. सर्वांत कमी भाव भरणाऱ्याला काम मिळते खरे. परंतु पुष्कळदा तो भाव या दोन रकमा विसरल्यामुळेच सर्वांत कमी झालेला असतो.

कायद्याने लहान उद्योगाला काही आधार दिला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमानुसार सूक्ष्म अथवा लघु उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज देय होते. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर मुदत ती हरकत दूर झाल्या दिवसापासून मोजली जाते. केंद्र सरकारच्या खात्यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. अशा उद्योगांना बयाणा रकमेतूनही सूट मिळते.

येथे व्यापारी कुटुंबांनी एक भेद नीट ध्यानात ठेवावा. तूर भरडून डाळ करणारी मिल हा उत्पादक उद्योग आहे. तयार डाळ घेऊन तशीच पुढे विकणारी आडत किंवा घाऊक पेढी हा व्यापार आहे. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी करता येते. मात्र त्यांना तिचा लाभ बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरताच दिलेला आहे. उशिराच्या पैशावरील व्याज, खरेदीतील राखीव वाटा, बयाण्यातील सूट यांपैकी काहीही त्या प्रमाणपत्राने त्यांना मिळत नाही. दोन्ही पेढ्यांच्या भिंतीवर सारखेच प्रमाणपत्र टांगलेले दिसते, म्हणून दोघांचे हक्क सारखे होत नाहीत.

मालाच्या प्रतीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. ओलावा, फुटीचे प्रमाण, कीड, कृत्रिम रंग, लाखी डाळीची भेसळ हे सर्व प्रयोगशाळेत तपासले जाते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये खोटी मापे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे यांची गणना केलेली आहे. बाजारातील गिऱ्हाईक डाळ आवडली नाही तर दुकान बदलते. सीमेवरील चौकीत बसलेल्या जवानाला ती सोय नाही. पोत्यातून जे येईल तेच त्याला शिजवून खावे लागते. म्हणून नमुना एक आणि माल दुसरा, असा प्रकार येथे केवळ दंडाचा विषय राहत नाही. शिवाय गंभीर गैरप्रकार आढळल्यास पुरवठादाराशी व्यवहारच बंद केला जातो आणि तो बट्टा पेढीच्या नावाला पुढच्या पिढीपर्यंत चिकटून राहतो.

म्हणून मुलाने निविदेचा कागद पुढे ठेवला, की वडिलांनी होकार अथवा नकार देण्यापूर्वी त्याच्यासोबत बसून चार गोष्टी लिहून काढाव्यात. पैसा १२० दिवस आला नाही तर रोजच्या उलाढालीला रक्कम कोठून येईल? एक ट्रक माल परत आला तर तो कोण घेईल आणि कोणत्या भावाने? हमीमागे कोणती मिळकत तारण आहे आणि तिच्यात हिस्सा असलेल्यांना ते ठाऊक आहे काय? आणि पेढीच्या एकूण भांडवलापैकी किती हिस्सा या एका ग्राहकाकडे गुंतणार आहे? पहिल्या वर्षी हा हिस्सा चौथ्या भागाच्या आत ठेवावा आणि या कामाचे खाते खतावणीत स्वतंत्र राखावे. वर्षअखेर त्या खात्यावर व्याज टाकून जे उरेल, ते पाहूनच दुसरी निविदा भरावी.