बर्फ आधी, गरी नंतर

मागच्या हंगामात आमच्या घरची एक दावत माशाने बिघडवली. तो विषय घरात अजून कुणी मोकळेपणाने काढत नाही, म्हणून या महिन्यात मीच तो इथे काढते आहे.

मासा होता कुपा. रत्नागिरीकडे काहीजण त्याला गेदर म्हणतात. डब्यात बंद होऊन आला की तोच ट्यूना होतो आणि महाग होतो. आमचे घर राजिवड्याचे, काजळी नदी समुद्राला मिळते तिथले. भाऊ छोट्या होडीवर गरवायला जातो, त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्याच्या हाताखाली तयार झाला. पण त्या दिवशी भाऊ घरी होता, कारण त्याच्या मुलीचे नाते ठरत होते आणि मुलाकडची माणसे जेवायला यायची होती. भाचा एकटाच एक खलाशी घेऊन गेला आणि चार किलोचा कुपा घेऊन आला. डोळे लख्ख, अंग काचेसारखे. वहिनीने तिरफळ आणि कोकम घालून सार केले, काही तुकड्या तळल्या.

जेवण होऊन अर्धा तासही झाला नसेल, मुलाच्या आईचा चेहरा लालबुंद झाला. मग मान, मग हात. जीभ चुरचुरते म्हणाल्या, डोके ठणकू लागले. आमच्या घरातल्या दोन मुलांचेही तेच. मुलांचे निभावले, पण त्या बाईंना दमा आहे. श्वास लागला तसे रिक्षात घालून दवाखान्यात नेले. रात्रीपर्यंत सगळे उतरले, अल्हम्दुलिल्लाह. पण निघताना त्यांच्याकडचे कुणीतरी हळूच म्हणाले, "शिळा मासा वाढला." ते वहिनीने ऐकले.

मासा शिळा नव्हता. पण तो सकाळी सात वाजता गरीला लागला होता आणि होडी बारा वाजता किनाऱ्याला लागली. पाच तास तो ओल्या गोणपाटाखाली पडून होता. बर्फ घेतला नव्हता. एवढ्याशा होडीत बर्फाला जागा कुठे, आणि पैसे वाचले तर वाचले, असा भाच्याचा हिशेब.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी ॲलर्जी धरली होती. एकाच पंगतीतल्या तिघांना ती एकदम कशी होईल, असे भावाने विचारले तेव्हा त्यांनी समजावले. कुपा, बांगडा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा उन्हात राहिला की त्याच्यावरचे जंतू त्याचे हिस्टामिन करतात. ॲलर्जीत आपले शरीर जे सोडते तेच हे, फक्त इथे ते ताटातूनच येते. त्याला वास येईलच असे नाही. भगिनींनो, पुढचे नीट वाचा: एकदा ते तयार झाले की उकळून, तळून किंवा फ्रीजरमध्ये ठेवून जात नाही. मीठ-हळद लावून, लिंबू पिळूनही नाही. जे करायचे ते मासा पाण्याबाहेर आल्याबरोबर करायचे. आणि तुकडी खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली, तर ती मसाल्याची समजून पुढे खाऊ नका. चेहरा लाल होऊन धाप लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. भाच्याने तर होडीकडे पाहणेच सोडले. मामूकडे दुबईला जातो म्हणाला. पासपोर्टचे कागद काढून बसला. शेवटी भाऊ म्हणाला, "जा, पण एक फेरी माझ्याबरोबर कर. मग जा." मी म्हटले, मीही येते. पन्नाशी उलटली तरी आपल्या घरचा मासा कसा येतो ते मी कधी पाहिले नव्हते. शेजारपाजारी कुजबूज झाली, होऊ दे.

फजर पढून निघालो. आधी बर्फाच्या कारखान्यावर. फोडलेला बर्फ मोठ्या थर्मोकोलच्या पेटीत, वर थोडे समुद्राचे पाणी. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाण्यात मासा लवकर गार होतो, कारण पाणी त्याला सगळीकडून धरते. मग खाडीचे तोंड. तिथे वाळू साचलेली असते, भरती बघूनच होडी बाहेर काढावी लागते. भावाने बिस्मिल्ला म्हटले, दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसरीवर होडी घातली. मी डोळे मिटले होते, खोटे का बोला. पाठीशी मतलई वारा, उजव्या हाताला रत्नदुर्ग आणि त्याचा दीपस्तंभ, मागे भाट्याची सुरूची झाडे.

कुपा शोधायचा नसतो, पक्षी शोधायचे. सुरय पाण्यावर तुटून पडताना दिसले की खाली कुप्याने तारली वर रेटलेली असते. भावाने होडी थव्यातून नेली नाही, कडेने फिरवली. मधून गेले की मासा बुडी मारतो. मागे दोन दोऱ्या, टोकाला पांढऱ्या पिसांच्या गऱ्या. भाचा दोरी बोटावर धरून बसला होता, तोंड फिरवून. दोरी ताणली आणि त्याचे तोंड आपोआप वळले.

हा मासा थांबत नाही. याच्या पोटात इतर बऱ्याच माशांसारखी हवेची पिशवी नसते. पोहणे थांबले तर बुडेल आणि गुदमरेल. म्हणून रक्त भरपूर, मांस लाल आणि अंग पाण्यापेक्षा गरम. झुंजताना आणखी तापते. भावाने तो वर घेतला आणि मला म्हणाला, "हात लाव." खरेच कोमट होता. लगेच सुरीने परांमागे दोन्ही बाजूंना काप दिला. रक्त गेले की उष्णताही जाते. मी विचारले, हा जबह का? हसला. "माशाला जबह लागत नाही, आपा. ही चवीची सोय." मग आतडी काढून मासा पेटीत. गरीला लागल्यापासून पाच मिनिटेही झाली नसतील.

आपल्याआधी हे ज्यांना कळले त्यांच्याकडे बर्फ नव्हता. इब्न बतूता 1343 साली मालदीवला पोहोचला, तिथे काझीही झाला. तिथले लोक या जातीचा मासा चार तुकडे करून, थोडा शिजवून, धुरात वाळवून दूरदूर पाठवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. लक्षद्वीपच्या मिनिकॉयमध्ये आजही असाच मासमिन करतात. बर्फ नसेल तर चूल तरी लगेच पेटवायची.

त्या दिवशी तीन कुपे मिळाले. भाच्याने शेवटचा स्वतः कापला, बापाने न सांगता. एक कुपा भावाने पेटीसकट उचलला आणि थेट त्या बाईंच्या दारात नेला. मी बरोबर होते. झाकण उघडून म्हणाला, "तुम्ही खाऊ नका. फक्त हात लावून बघा." त्यांनी बोट लावले आणि चटकन मागे घेतले, इतका गार. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, मसाला वाट.

आम्हालाही बसवून घेतले. आधी भाऊ जेवला, मग मी, मग घरातले पुरुष. त्या आमच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या, मध्येच भिंतीवरच्या घड्याळाकडे. पाऊण तास झाला तेव्हा त्यांनी स्वतःचे ताट ओढले आणि म्हणाल्या, "डोक्याकडची तुकडी उरली आहे का?"