पाटी आणि वही

गेल्या मासीं आमच्या हातून एक प्रमाद घडला. रघुवंशावरील आमचीं टिपणें आम्ही नातवाच्या सांगण्यावरून 'गिट'मध्यें ठेवितों. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचिलेली ही आज्ञावली लेखनाची प्रत्येक अवस्था जपते. मात्र ती 'कमिट' केलेली असली तरच. कामाचें फोल्डर स्वच्छ करावें म्हणून आम्ही 'क्लीन'ची सक्तीची आज्ञा दिली, आणि पांचव्या सर्गावरील नवें टिपण, जें नोंदींत कधींच घातलें नव्हतें, तें क्षणांत नाहींसें झालें. दोष यंत्राचा नव्हे, आमचा.

कामाचें फोल्डर ही पाटी होय, वही नव्हे. म्हणून वाचकांनीं तीन नियम पाळावे. पुसण्यापूर्वीं 'स्टेटस' पाहावें. 'क्लीन'ला 'वजा एन' जोडल्यास कांहीं न पुसतां काय जाईल तें कळतें. दोन कामें एकदम चालवावयाचीं असल्यास २०१५ सालीं आलेल्या 'वर्कट्री'नें दुसरें फोल्डर मांडावें. पाट्या दोन, वही एकच. तें मोडावयाचें झाल्यास हातानें न पुसतां 'वर्कट्री रिमूव्ह' म्हणावें. न नोंदविलेलें काम शिल्लक असेल तर ती आज्ञा आपण होऊन नकार देते.

तें टिपण आम्ही पुनः लिहीत आहों. या खेपेस रोज दिवेलागणीस कमिट करून.