धावण्यासाठी जीपीएस घड्याळ : आधी अंतर ठरवा, मग खरेदी करा

पोलीस भरतीची चाहूल लागली की भंडारा जिल्ह्यातले रस्ते पहाटे चारलाच जागे होतात. तुमसर, मोहाडी, लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूर, कुठेही जा, अंधारात धावणारी मुले-मुली दिसतात. अलीकडे त्यांच्यात एक प्रश्न हमखास निघतो : जीपीएस घड्याळ घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते? ऑनलाइन सेलच्या जाहिराती पाहून अनेक घरांत त्यासाठी पैसे जमवणेही सुरू होते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर असे : ८०० किंवा १६०० मीटरच्या चाचणीसाठी जीपीएस घड्याळाची गरज नाही. पाच किलोमीटर आणि त्यापुढच्या अंतरासाठी ते कामाचे आहे. पण तेव्हाही पेटीवरचे मोठे शब्द न पाहता तीन-चार साध्या गोष्टी तपासायच्या असतात.

१६०० मीटरचे गणित

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यातले २० गुण पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्याचे. अलीकडच्या भरतीत पूर्ण २० गुणांसाठी पुरुषांना ५ मिनिटे १० सेकंद आणि महिलांना २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत धाव संपवावी लागली आहे. पुढे पुरुषांच्या तक्त्यात दर २० सेकंदांच्या टप्प्याला गुण उतरतात. नव्या जाहिरातीतला तक्ता प्रत्येकाने स्वतः तपासावा.

५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या, म्हणजे प्रत्येक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत. महिलांसाठी दोन फेऱ्या, प्रत्येकी ८५ सेकंदांत. सरावात कळायला हवे ते एवढेच.

आता यात जीपीएस आणा. घड्याळाने अंतर फक्त एक टक्का जास्त मोजले, तर १५८४ मीटरलाच ते १६०० दाखवेल. उरलेले १६ मीटर त्या वेगाने धावायला सुमारे ३ सेकंद लागतात. घड्याळ ५ मिनिटे ९ सेकंद दाखवत असेल, तर खरी वेळ ५ मिनिटे १२ सेकंद असते. तुम्ही खुशीत घरी जाता आणि चाचणीच्या दिवशी २० ऐवजी १८ गुण हातात पडतात. गुणवत्ता यादीत एकेका गुणावर नाव वर-खाली होते, तिथे दोन गुण फार झाले.

चूक का होते?

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचे संकेत किती वेळात पोहोचले, यावरून घड्याळ आपली जागा काढते. मोकळ्या आकाशाखाली साधारण तीन ते पाच मीटरची चूक गृहीत धरावी लागते. बहुतेक घड्याळे दर सेकंदाला एक बिंदू नोंदवतात आणि ते बिंदू जोडून अंतर काढतात. सरळ रस्त्यावर या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना सांभाळून घेतात. मैदानाच्या वळणावर मात्र कुठे कोपरा कापला जातो, कुठे रेषा बाहेर फेकली जाते. काही घड्याळांत मैदानासाठी ‘ट्रॅक मोड’ असतो. त्यात तुम्ही कोणत्या पट्टीतून धावता ते सांगितले की घड्याळ ४०० मीटरच्या फेरीशी हिशोब जुळवून घेते.

धानाच्या बांध्यांमधला मोकळा रस्ता जीपीएससाठी उत्तम. कोका अभयारण्याच्या बाजूला सागाच्या दाट सावलीत किंवा बाजारपेठेतल्या इमारतींच्या मधोमध संकेत अडतात, आपटून येतात आणि अंतर बिघडते. दोन वारंवारितांवर संकेत घेणारी घड्याळे, म्हणजे ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ असलेली, अशा ठिकाणी जास्त भरवशाची ठरतात. उघड्या रस्त्यावर धावणाऱ्याला त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे फारसे कारण नाही.

मग घड्याळ कोणी घ्यावे?

वनरक्षक भरतीत पुरुषांना पाच आणि महिलांना तीन किलोमीटर धावावे लागते. राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीतही पाच किलोमीटरची धाव असते. याशिवाय नागपूर, मुंबई किंवा साताऱ्याच्या शर्यतींची तयारी करणारे नोकरदार, शिक्षक, डॉक्टर आता जिल्ह्यातही आहेत. आठवड्याला वीस-तीस किलोमीटर वेगवेगळ्या रस्त्यांवर धावणाऱ्याला प्रत्येक रस्ता टेपने मोजणे शक्य नसते. त्यांना घड्याळाचा खरा उपयोग आहे.

शर्यतीत एक गैरसमज मात्र टाळा. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते आणि प्रमाणित मार्ग सायकलला जोडलेल्या मोजयंत्राने, वळणांवरचा सर्वांत जवळचा मार्ग धरून मोजला जातो. आपण गर्दीत डावी-उजवीकडे सरकत धावतो, त्यात जीपीएसची चूक मिसळते. त्यामुळे घड्याळ बहुतेक वेळा थोडे जास्तच अंतर दाखवते. प्रमाणित मार्ग असेल तर आयोजकांनी अंतर वाढवले, असे त्यावरून ठरवू नये.

खरेदीपूर्वी काय तपासाल?

जीपीएस घड्याळातच आहे का? स्वस्त स्मार्टवॉचवर ‘कनेक्टेड जीपीएस’ लिहिलेले असते. म्हणजे घड्याळाला स्वतःचा जीपीएस नाही, ते मोबाइलचा वापरते. मोबाइल खिशात ठेवून धावायचेच असेल, तर मोबाइलमधले एखादे मोफत ॲप तेच काम करते. ‘बिल्ट-इन जीपीएस’ असे स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहा.

बॅटरी कोणती सांगितली आहे? ‘१४ दिवस’ हा आकडा बहुधा जीपीएस बंद ठेवून वेळ पाहण्याचा असतो. जीपीएस चालू असताना किती तास, हे वेगळे लिहिलेले असते. तोच आकडा आपल्या कामाचा.

बटणे आहेत का? घामाच्या किंवा पावसाने भिजलेल्या बोटांनी टचस्क्रीन दगा देते. फेरीची वेळ टिपणारे ‘लॅप’ बटण असायलाच हवे.

दुरुस्ती कुठे होते? सेवा केंद्र नागपुरात आहे की घड्याळ कुरिअरने दूर पाठवावे लागते, हे आधी विचारा.

हृदयाचे ठोके किती खरे? मनगटावरचे घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून ठोके मोजते. संथ धावताना ते बरे चालते. वेगवान फेऱ्यांत किंवा पट्टा सैल असताना ते चुकते. ठोक्यांवर सराव करणाऱ्याने छातीचा पट्टा वापरावा.

घड्याळावर किती उपग्रह प्रणालींची नावे आहेत, यावर भाळू नका. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीत मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून छोट्या उपकरणांना सोयीचा एल-१ संकेत मिळू लागला, ही चांगली गोष्ट आहे. पण धाव सुरू करण्याआधी मोकळ्या जागी मिनिटभर उभे राहून उपग्रह पकडू देणे, याने पडणारा फरक जास्त मोठा असतो.

घड्याळाआधी मैदान

धावपटूंसाठी बनवलेले बरे जीपीएस घड्याळ साधारण पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते. २०२५-२६ साठी साध्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे १८ हजारांचे घड्याळ साडेसात क्विंटल धानाच्या बरोबरीचे. ज्या घरात मुलाच्या भरतीसाठी आधीच बूट, खुराक आणि अकादमीचा खर्च चालू आहे, तिथे हा आकडा हलका नाही. त्याऐवजी फेऱ्या नोंदवणारे साधे स्टॉपवॉच आणि मोजलेले मैदान एवढ्यावर तयारी होते. शिवाय चाचणीच्या दिवशी मैदानात इलेक्ट्रॉनिक वस्तू नेता येतीलच असे नाही. साडेसत्याहत्तर सेकंदांची फेरी मनगटाकडे न पाहता पायांना ओळखता आली पाहिजे.

मोजलेले मैदान मात्र मुलांनी एकट्याने कुठून आणायचे? इथे जबाबदारी जिल्हा क्रीडा कार्यालय, नगर परिषदा, नगर पंचायती आणि ग्रामपंचायतींची आहे. सातही तालुक्यांत किमान एक मैदान नीट मोजून, फक्कीने ४०० मीटरची फेरी आखून आणि दर १०० मीटरला पक्की खूण लावून द्यायला कोटींचा निधी लागत नाही. पट्ट्या आखल्या असतील तर एक नियमही फलकावर लिहावा. सव्वा मीटर रुंदीची प्रत्येक बाहेरची पट्टी फेरीमागे सात-साडेसात मीटरने लांब असते. चौथ्या पट्टीतून चार फेऱ्या मारणारा १६०० नव्हे, जवळपास १६९० मीटर धावतो आणि आपण मागे पडतो म्हणून खचतो.

त्याच मैदानावर पहाटे दोन दिवे लागले, तर मुलांना राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला ट्रकच्या उजेडात धावावे लागणार नाही. तोवर रस्त्यावर धावणाऱ्यांनी वाहने समोरून दिसतील अशा बाजूने, चमकणारी पट्टी लावून आणि कानात इअरफोन न घालता धावावे. घड्याळ वेग सांगते, मागून येणारे वाहन सांगत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी या आठवड्यात ५० मीटरचा एक टेप आणावा, चार मित्रांनी मिळून गावचे मैदान मोजावे आणि खुणा कराव्यात. घड्याळाचा विचार त्यानंतर.